कागदी सैन्य, फुकटचे नियम आणि चार फरश्या: पोट्ट्यांसोबत मिनिएचर गेम, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत

घाईत असाल तर आधीच सांगून टाकतो. मुलांसोबत टेबलटॉप मिनिएचर गेम सुरू करायचा विचार असेल, तर निदान पहिले काही महिने प्लास्टिकचा एकही सैनिक विकत घेऊ नका. नियम फुकट मिळतात, सैन्य कागदाचं होतं, मैदान घरच्या फरशीवर मांडता येतं. आमचा आजवरचा सगळा खर्च दीड हजारांच्या आत आहे, आणि त्यातलेही निम्मे पैसे रंग आणि ब्रशांवर गेलेत.

हा प्रकारच माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बोटाच्या पेराहून जेमतेम उंच सैनिक, मधे घरं-झाडं-टेकड्या, इंचांची टेप आणि मूठभर फासे. बुद्धिबळासारखे चौकोन नाहीत. सैनिक किती पुढे जाणार ते टेपने मोजायचं, नेम लागला की नाही ते फाशाने ठरवायचं. जगभर यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं वॉरहॅमर ४०,०००. १९८७ पासून चालू आहे आणि देखणं आहे यात वादच नाही. पण एका पथकाचा डबा काही हजारांना, त्यात सुटे भाग, ते आपण चिकटवायचे, आपणच रंगवायचे, वर नियमांचं पुस्तक वेगळं. माझी मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, आणि खालच्या मजल्यावरचे दोघं भाऊ सुट्टीत आमच्याकडेच पडीक. चौघांना पुरेल एवढं सैन्य त्या भावाने घ्यायचं तर स्कूटर विकायला काढावी लागली असती.

आम्ही निवडले ते वन पेज रूल्सचे नियम. नावाप्रमाणे मूळ नियम मोजक्या पानांत बसतात आणि पीडीएफ फुकट उतरवता येते. त्यांच्याकडे मोठ्या लढायांचे नियम आहेत, तसेच मोजक्या सैनिकांच्या चकमकीचेही: विज्ञानकथेच्या दुनियेसाठी फायरफाइट आणि तलवारी-जादूवाल्यांसाठी स्कर्मिश. मुलांसाठी चकमकच घ्या. बाजूला सात-आठ सैनिक पुरतात, आणि बजेटचं खरं गणित इथेच सुटतं. सैनिक स्वस्त मिळण्यापेक्षा ते कमी लागणं महत्त्वाचं.

प्रत्येक सैनिकाचे मुख्य आकडे दोन, क्वालिटी आणि डिफेन्स. क्वालिटी ४+ असेल तर वार करताना फाशावर ४, ५ किंवा ६ पडल्यावर तो लागतो. मग ज्याला लागला तो स्वतः डिफेन्सचा फासा टाकतो, आणि त्याला हवा तो आकडा पडला तर वार अडतो. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण चौथीतल्या पोराला आपला सैनिक वाचवायचा फासा आपल्या हाताने टाकायला मिळतो, आणि मग सैनिक गेला तरी रुसवा फाशावर निघतो, ताईवर नाही. आमच्या घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटली. दुसरं, इथे एक पथक तू हलव, मग एक मी हलवतो, अशी आलटूनपालटून चाल आहे. वॉरहॅमरमध्ये समोरचा आपलं आख्खं सैन्य हलवून होईपर्यंत तुमचं काम मुख्यतः बघायचं. या वयाचं पोट्टं तेवढ्या वेळात पाणी प्यायला जातं आणि परत येतच नाही.

चालायचं ६ इंच आणि मग गोळी झाडता येते. पळायचं १२ इंच, पण गोळी नाही. अंगावर चाल करून जायचं तरी १२ इंच. चार फेऱ्यांत खेळ संपतो. जिंकतो तो, ज्याच्या ताब्यात शेवटी जास्त ठाणी (मैदानावर खूण करून ठेवलेल्या जागा) असतील. ठाण्यापासून ३ इंचांच्या आत आपला माणूस हवा आणि शत्रूचा नको. किती मारले याला किंमत नाही. माझ्या मुलाच्या हे लक्षात आलं त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या नाकात दम आणतोय. दोन सैनिक उरलेले असतात, दोघंही ठाण्यांवर बसून, आणि ताई मधल्या मैदानात उरलेलं सैन्य घेऊन हिशेब करत उभी.

आता कागदी सैन्याबद्दल सविस्तर, कारण विचारणारे हेच विचारतात. इंटरनेटवर फुकट कागदी मिनी भरपूर आहेत, पण आमच्या मुलांनी अर्धे सैनिक स्वतः काढले. पाच-सहा सेंटीमीटरचं चित्र काढायचं, मोबाईलने फोटो, त्याची आरशातली प्रतिमा करून शेजारी जोडायची (मधे घडी घातली की पुढची-मागची बाजू होते), आणि चित्र लहान करून कार्डावर रंगीत प्रिंट. जाड कार्ड म्हणजे २०० ते २५० जीएसएम. त्याहून जाड घेतलं की घडीवर रंग तडकतो. आमच्या झेरॉक्सवाल्याकडे पानाला वीस-पंचवीस रुपये पडले आणि एका पानात डझनभर सैनिक आरामात बसले. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने रेघ ओढा, घडी सुरीसारखी सरळ येते. चिकटवायला फेव्हिकॉल नको, ओलाव्याने कार्ड वाकतं. ग्लू स्टिक बरी. कापताना चित्राभोवती थोडी पांढरी कड ठेवायची आणि शेवटी काळं स्केच पेन कापलेल्या कडेवरून फिरवायचं. या एका गोष्टीने फरक दिसतो. कड पांढरी राहिली की सैनिक स्टिकर वाटतो, काळी केली की तीन फुटांवरून माणूस वाटतो. कटर मात्र फक्त माझ्या हातात.

नागपुरात या खेळाचा पहिला शत्रू कूलर आहे. मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून खेळा म्हणणारा माणूस नागपूरचा नसणार, आणि कूलर चालू असला की कागदी फौज पहिल्या फेरीआधीच पळ काढते. खालचा धाकटा ओरडला, "काका, माझे सैनिक काहून उडून राहिले?" यावर उपाय खिशातच सापडला. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं बरोबर २५ मिलिमीटरचं आहे, आणि या छंदात साध्या पायदळाच्या गोल बेसचं, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीचं, एक रूढ माप २५ मिलिमीटरच आहे. खोक्याच्या पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्या खाली दुहेरी टेपने नाणं. जवळपास पाच ग्रॅम वजन येतं, सैनिक हलत नाही, आणि माप नियमातलं. नाणी खर्चात धरू नका, कधीही काढून भाजी आणता येते. (एकदा आणली. दुसऱ्या दिवशी तीन सैनिक आडवे पडले म्हणून घरात चौकशी बसली.) कूलरच्या दमटपणाने कार्ड मऊ पडतं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी मारली की पावसाळाही निघतो.

मैदानाला टेबल लागत नाही. हॉलमधली फरशी दोन बाय दोन फुटांची असेल तर चार फरश्या म्हणजे चार बाय चार फूट, चकमकीसाठी हवं तेवढं. रेषा आखलेल्याच असतात. उन्हाळ्यात फरशी गार लागते ते वेगळं. कॅरम बोर्डवर करून पाहिलं, पण त्याची खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, आणि बंदुकीचा पल्ला २४ इंच. पळायला जागाच नाही.

घरं संत्र्याच्या खोक्यातून झाली. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या नाल्या उघड्या पडतात, आणि त्यावर विटकरी रंग दिला की झालं कवेलूचं छप्पर. टेकड्यांसाठी फ्रिजच्या पॅकिंगमधलं थर्माकोल. विकत आणायची गरज नाही, शिवाय २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचं थर्माकोल आणणंही बरं नव्हे. थर्माकोलवर स्प्रेचा डबा मारू नका, त्यातल्या द्रावकाने ते विरघळून खड्डे पडतात. भिंतीचा उरलेला इमल्शन चालतो. प्लास्टिकच्या सैनिकांवरसुद्धा मे महिन्यात गच्चीवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारणं व्यर्थ आहे. रंग हवेतच सुकतो आणि रवाळ थर बसतो. सकाळी सहाला मारा किंवा ब्रशने लावा.

प्लास्टिकचा अनुभवही सांगतो. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, रस्त्यावर मिळणाऱ्या पाकिटातले हिरवे सैनिक स्वस्त आहेत, पण ते बहुतेक पाच सेंटीमीटरचे, म्हणजे आमच्या सैनिकांपुढे फार उंच, आणि मऊ प्लास्टिकचे. साबणाने धुऊन प्रायमर दिला तरी भाल्याच्या टोकावरचा रंग वाकवला की टरफलासारखा निघतो. थ्रीडी प्रिंट एकाकडून काढून घेतले. पीएलए प्लास्टिकचे होते, चेहरे ठीक, पण तलवारी काडीएवढ्या आणि पहिल्याच रविवारी अर्ध्या तुटल्या. बदलून मागितल्या तर "नाजूकच असतात ते" हे उत्तर. शिवाय पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा उन्हाळ्यात उन्हात उभ्या कारमध्ये डबा विसरू नका. रेझिनचे प्रिंट जास्त सुबक असतात, पण न धुतलेलं, नीट कडक न झालेलं रेझिन त्वचेला वाईट. मुलांच्या हातात तयार झालेलाच द्या.

जुलैत मुलांचा उत्साह जरा ओसरला होता. तो परत आणला सीताबर्डीच्या लढाईने. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, एका बाजूला नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रज रेसिडेंट जेनकिन्सच्या बचावाला उभी राहिलेली ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी. टेकडीचे उंचवटे दोन, एक मोठा आणि एक लहान. भोसल्यांच्या बाजूच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली. मग कंपनीच्या घोडदळाने मैदानातून हल्ला केला, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इंग्रजांनी ती परत मिळवली. गेमसाठी ही तयार पटकथाच आहे. कंपनीकडे माणसं थोडी होती, म्हणून तिचे सैनिक कमी पण क्वालिटी ३+. भोसल्यांचे जास्त पण ५+. सैनिकाच्या ताकदीप्रमाणे ठरणाऱ्या गुणांची बेरीज दोन्हीकडे सारखी. लहान टेकडीचं ठाणं दुप्पट मोलाचं. आणि आमचा घरगुती नियम असा, की तिसऱ्या फेरीपासून ज्याच्या ताब्यात लहान टेकडी त्याने दर फेरीला एक फासा टाकायचा, १ पडला की दारूगोळा उडाला आणि टेकडीवरचे सगळे जखमी. या एका फाशासाठी पोट्टे श्वास रोखून बसतात. तोफ ओढायला तान्हा पोळ्याचे (आमच्याकडचा मुलांचा बैलपोळा) दोन छोटे लाकडी नंदी जुंपलेत. १५ ऑगस्टला त्या टेकडीवरचा सीताबर्डी किल्ला लोकांना खुला होता तेव्हा चौघांना घेऊन गेलो. मुलगी वर उभी राहून अंतर इंचांत सांगत होती. आमच्या फरशीवर अप्पासाहेब बहुतेक वेळा जिंकतात, हेही नोंदवून ठेवतो.

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावरच डाव मांडला. मातीचे मावळे आमच्या सैनिकांच्या अडीचपट उंच, त्यामुळे त्यांना सरदार केलं आणि 'टफ ३' दिलं, म्हणजे एका घावात न पडणारे. बुरुजावरून खाली मोजताना टेप चिखलात लडबडली. शिंप्याची कापडी टेप घ्या, धुता येते.

कुरबुरी आहेतच. नियम इंग्रजीत आहेत. माझी मुलगी वाचते, चौथीतला अडखळतो, आणि विशेष नियमांची नावं तर मोठ्यांनाही दोनदा वाचावी लागतात. मी एका पानावर मराठीत लिहून चिकटवलंय, त्याशिवाय मुलं स्वतंत्र खेळत नव्हती. दुसरं, नियमांच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. आर्मी फोर्ज नावाच्या त्यांच्या फुकट अॅपवर सैन्याची यादी जुळवायला मजा येते, पण छापलेलं पान आणि अॅप यांच्यात कधी फरक निघतो आणि मग चौघं वकील होतात. आम्ही छापलेलं पान अंतिम धरतो. तिसरं, फुकट मिळतात ते मूळ नियम. वाढीव नियमांचं जाड पुस्तक विकत आहे. आम्हाला अजून त्याची गरज पडलेली नाही, तुम्हालाही वर्षभर पडणार नाही. आणि मारामारीचा खेळ आहे हे पटत नसेल तर तेही रास्त आहे. आमच्याकडे बाद झालेला सैनिक 'दवाखान्यात' जातो, हे धाकट्याने ठरवलेलं.

वयाचं म्हणाल तर आठ वर्षांखाली घाई करू नये. चार फेऱ्या संपेपर्यंत तासभर जातो, आणि टेपने मोजताना दुसऱ्याचे सैनिक न पाडणं ही सहा वर्षांच्या हाताकडून जास्तीची अपेक्षा आहे. गणिताचा फायदा मात्र खरा आहे. ४+ ने लागतो आणि ४+ ने अडतो, म्हणजे चारातला एकच वार जखम करतो, हे मुलाने पुस्तक न उघडता शोधलं आणि तेव्हापासून तो एकट्याने चाल करून जात नाही, तिघं मिळून जातात.

सुरुवातीची खरेदी विचाराल तर: चार पानांचे रंगीत प्रिंट, ग्लू स्टिक, दहा-बारा फासे, कापडी टेप, रंग लावायचेच असतील तर अॅक्रिलिकच्या सहा बाटल्या (काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, तपकिरी) आणि शून्य नंबरचा एक बरा ब्रश. स्वस्त ब्रशांचा सेट नको, केस रंगात राहतात. मुलीचा हात आता बसलाय, म्हणून प्लास्टिकचा एक लहान डबा तिच्या वाढदिवसाला घ्यायचं कबूल केलंय. तिला घोडेस्वार हवेत. ते कंपनीचे करायचे की भोसल्यांचे, यावर बहीण-भावाची बोलणी चालू आहेत.