नॉरसेटच्या तयारीसाठी प्रश्नसंचाचे अ‍ॅप : नोकरी सांभाळणाऱ्या जीएनएम परिचारिकेचा वापरानंतरचा अनुभव

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी, म्हणजेच नॉरसेटसाठी, मी गेले अनेक महिने एक सशुल्क प्रश्नसंचाचे अ‍ॅप वापरत आहे. त्याच्या आधारावर मी प्राथमिक परीक्षा पार केली. मुख्य परीक्षेत निवडीइतका वरचा क्रमांक मिळाला नाही, म्हणून सध्या पुन्हा तयारी सुरू आहे. हा सगळा काळ मी खासगी रुग्णालयात सकाळ, दुपार आणि रात्र अशा फिरत्या ड्यूट्या केल्या. त्यामुळे पुढील मत नोकरी न करता दिवसभर अभ्यास करणाऱ्यांसाठी नसून, पदविका घेऊन वॉर्डात उभ्या असलेल्यांसाठी आहे. अ‍ॅपचे नाव देत नाही, कारण बाजारातील अशी बहुतेक अ‍ॅप याच साच्यातली आहेत आणि निवडताना काय तपासावे हेच मला सांगायचे आहे.

आधी परीक्षेविषयी थोडेसे, कारण त्याशिवाय अ‍ॅपचे मोल ठरवता येत नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) झालेल्यांना मात्र पात्रता मिळाल्यानंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव लागतो आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे. म्हणजे आपल्यासाठी नोकरी ही तयारीच्या आड येणारी गोष्ट नसून पात्रतेचाच भाग आहे. प्राथमिक परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. त्यांपैकी ८० प्रश्न नर्सिंगचे आणि २० सामान्य ज्ञान व अभियोग्यतेचे असतात, तर प्रत्येक चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा होतो. ही परीक्षा केवळ पात्रतेची असून अंतिम गुणवत्ता यादी मुख्य परीक्षेवर ठरते. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर खाटांची संख्या आणि नेमक्या तारखा स्पष्ट लिहून घ्याव्यात. जाहिरात आल्यावर हे काम काढले, तर अभ्यासाचे मोलाचे दिवस कार्यालयात खेटे घालण्यात जातात.

अ‍ॅपचा सर्वांत मोठा उपयोग मला अपेक्षित नव्हता अशा ठिकाणी झाला. प्रश्नांच्या संख्येपेक्षा चुकलेल्या उत्तराखालचे स्पष्टीकरण मला अधिक उपयोगी पडले, कारण वॉर्डातली सवय आणि ग्रंथातले उत्तर यांतले अंतर तिथे उघड होत गेले. नाकातून जठरात घातलेली नळी योग्य जागी आहे का, हे पाहण्यासाठी हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत अनेक वॉर्डांत रोजची आहे. परीक्षेत मात्र खात्रीचे उत्तर क्ष-किरण तपासणी हे असते आणि खाटेजवळच्या चाचण्यांत जठररसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तपासणे हे येते. स्नायूंतले इंजेक्शन आपण सर्रास नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात देतो, पण सायटिक मज्जातंतूपासून दूर असल्यामुळे ग्रंथ व्हेंट्रोग्लुटिअल, म्हणजे नितंबाच्या बाजूच्या, जागेला पसंती देतात. रक्तसंक्रमणाची प्रतिक्रिया दिसली की वॉर्डात पहिला हात फोनकडे जातो. परीक्षेत पहिली कृती म्हणजे रक्त थांबवणे, मग नव्या नळीने सलाइन सुरू ठेवून शीर राखणे, आणि त्यानंतर डॉक्टरांना कळवणे. वर्षानुवर्षे हाताने केलेले काम डोक्याला इतके खात्रीचे वाटते की पर्याय नीट न वाचताच बोट तिकडे वळते. नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या उमेदवाराला ही अडचण फारशी येत नाही, म्हणून अ‍ॅपच्या जाहिरातींत आणि व्याख्यानांत तिच्याविषयी कोणी बोलत नाही. मला मात्र काम करणाऱ्या परिचारिकेच्या तयारीचा गाभा हाच वाटतो.

या कारणाने मी चुकलेल्या प्रश्नांची वही दोन भागांत ठेवते : एका भागात मला मुळात माहीत नसलेल्या गोष्टी, आणि दुसऱ्या भागात माहीत असूनही वॉर्डातल्या सवयीमुळे चुकलेल्या गोष्टी. पहिला भाग वाचून भरून निघतो. दुसऱ्या भागासाठी पुढच्या ड्यूटीत तीच कृती जाणीवपूर्वक ग्रंथाप्रमाणे करावी लागते, मग ती परीक्षेत आपोआप आठवते. सुईला पुन्हा टोपण न लावणे, सुई पांढऱ्या पारदर्शक भोक न पडणाऱ्या डब्यात, सलाइनचे संच लाल पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या डब्यात टाकणे, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतले वर्गीकरण मी पाठ केले नाही. वॉर्डातच ते पक्के झाले. औषधांच्या मात्रांच्या गणितांचेही तसेच आहे. इन्फ्यूजन पंप हाताशी असल्यामुळे थेंबांचा हिशोब करण्याची वेळच येत नाही, पण १००० मिलि सलाइन ८ तासांत, २० थेंबांच्या संचाने द्यायचे असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब, हे उत्तर परीक्षेत कागदावरच काढावे लागते. मी पंप लावण्याआधी मनात हिशोब करते आणि मग आकडा भरते. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. या प्रश्नसंचातले बरेच प्रश्न अमेरिकेतील परिचारिका परवान्याच्या एनक्लेक्स परीक्षेच्या धर्तीवर बेतलेले आहेत. प्राधान्य ठरवण्याच्या प्रश्नांसाठी, म्हणजे चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल या प्रकारासाठी, ती शैली उत्तम आहे. पण काही आकडे तिकडचेच उतरतात. गरोदरपणातील झटके रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची पुढची मात्रा देण्यापूर्वी श्वसनाचा वेग मिनिटाला किमान १६ असावा, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया असावी आणि लघवी तासाला किमान ३० मिलि असावी, असे आपल्या प्रसूती कक्षात शिकवले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही तेच सांगते. अ‍ॅपमध्ये एका प्रश्नात १६ आणि दुसऱ्यात १२ असे उत्तर आहे आणि दोन्हींखाली खुलासा नाही. अशा वेळी मी भारतीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेतला आकडा धरते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सामुदायिक आरोग्याचे प्रश्न वेळेवर अद्ययावत होत नाहीत. अंशमात्रेची (पूर्ण मात्रेचा काही भाग टोचून दिली जाणारी) पोलिओ लस १ जानेवारी २०२३ पासून ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी तीनदा दिली जाते. अ‍ॅपमध्ये मला दोनच मात्रांचे उत्तर बरोबर धरलेले सापडले. क्षयरोग कार्यक्रमाचे नाव २०२० मध्ये बदलले, गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत गेली, मानसिक आरोग्याचा १९८७ चा कायदा जाऊन २०१७ चा आला. या तिन्ही विषयांवर जुनी आणि नवी उत्तरे शेजारी शेजारी नांदत आहेत. ज्यांनी जीएनएम काही वर्षांपूर्वी केले आहे, त्यांच्या पाठ्यपुस्तकातही जुनेच लिहिलेले असते, त्यामुळे चुकीचे उत्तर ओळखीचे वाटून खरे भासते. मी चुका कळवल्या तेव्हा काही दुरुस्त झाल्या, काहींना उत्तर आले नाही. अ‍ॅप विकत घेण्यापूर्वी त्याच्या विनामूल्य भागात पोलिओ लसीचा हा एक प्रश्न शोधून पाहावा. प्रश्नसंच शेवटचा कधी तपासला गेला, याचा अंदाज त्यावरून लगेच येतो.

सराव परीक्षांचा भाग मला आवडला. अलीकडच्या प्राथमिक परीक्षेत २० प्रश्नांचे पाच विभाग आणि प्रत्येकाला १८ मिनिटे अशी रचना आहे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात आणि एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्याकडे वळवता येत नाही. सलग ९० मिनिटांची सराव परीक्षा देणाऱ्याला याची सवय होत नाही. या अ‍ॅपने विभागवार घड्याळ दिले, हे त्याचे खरे सामर्थ्य. वजा गुणांविषयीही अ‍ॅपचा अहवाल उपयोगी आहे, पण त्यामागचे गणित स्वतः समजून घ्यावे. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिले तर सरासरी लाभ शून्य असतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी एकनवमांश गुण मिळतो, आणि दोन बाद झाले तर एकतृतीयांश. त्यामुळे ‘शंका असेल तर सोडून द्या’ हा सरसकट सल्ला मी मानत नाही. एक पर्याय नक्की चूक आहे असे सांगता आले तर मी उत्तर देते.

व्हिडिओ व्याख्यानांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती हिंदीत आणि लांबलचक आहेत, आणि ड्यूटीवरून आलेल्या माणसाला त्यांचा उपयोग बेताचाच होतो. संशोधन व संख्याशास्त्र, जैवरसायन आणि आनुवंशिकी या विषयांची खोली जीएनएममध्ये कमी असते, तेवढी व्याख्याने मात्र मी पूर्ण पाहिली आणि ती कामी आली.

अ‍ॅपची आखणी फिरत्या ड्यूटीचा विचार करून झालेली नाही, याचा त्रास रोज होतो. रोजच्या लक्ष्याचा हिशोब मध्यरात्री संपतो, त्यामुळे रात्रपाळीच्या दिवसांत लक्ष्य सलग पूर्ण केलेल्या दिवसांची साखळी तुटते आणि फोनवर आठवणींचा मारा सुरू होतो. मी त्या सूचना बंद केल्या आणि लक्ष्य आठवड्याचे धरले : सकाळच्या ड्यूटीच्या आठवड्यात नवे विषय, दुपारच्या आठवड्यात सकाळी विभागवार परीक्षा, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त वहीची उजळणी. रात्रपाळीत वॉर्ड शांत असताना प्रश्न सोडवा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी ते करत नाही आणि कोणी करावे असेही मला वाटत नाही. त्या वेळेत रुग्णाचा श्वास, सलाइन आणि लघवीचे प्रमाण यांकडे लक्ष असणे हे आपले काम आहे. झोप पुरी करून ऑफच्या दुपारी सोडवलेले ४० प्रश्न रात्री अर्धवट जागेपणी सोडवलेल्या १०० प्रश्नांपेक्षा जास्त टिकतात, हे माझ्या अहवालांतही दिसते.

राज्याच्या अधिपरिचारिका भरतीसाठी हे अ‍ॅप पुरेसे नाही. तिथे मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांना वेगळे गुण असतात आणि मराठी व्याकरणाचा यात मागमूस नाही. तो अभ्यास स्वतंत्र करावा लागतो. नर्सिंगचा भाग मात्र दोन्हीकडे चालतो.

सदस्यत्वाची मुदत संपत आली आहे. प्राथमिक परीक्षेपुरते मी ते पुन्हा घेईन, कारण स्पष्टीकरणे आणि विभागवार घड्याळ यांना मला दुसरा पर्याय सापडलेला नाही. मुख्य परीक्षेसाठी, जिथे एका रुग्णाची स्थिती वाचून एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात, तिथे यातले संच थोडे आणि वरवरचे आहेत. त्यासाठी मी आयसीयूतल्या दोन सहकारी सिस्टरांबरोबर आठवड्यातून एकदा बसते : एकीने रुग्णाची स्थिती मांडायची, दुसरीने पहिली कृती आणि तिचे कारण सांगायचे, आणि तिसरीने ते ग्रंथात तपासायचे.