२००डीवरून मिररलेसकडे जाताना: पक्ष्यांसाठी पुढची लेन्स कुठली घ्यावी?

समजा, तुमच्याकडे कॅननचा २००डी हा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आहे. सोबत आलेली १८-५५ आहे, नंतर हौसेने घेतलेली ५५-२५० आहे. दोन-तीन हिवाळे भिगवणच्या होडीत काढलेत, सिंहगड व्हॅलीत पहाटे जाऊन बसायची सवय लागलीय, आणि आता २५० मिलिमीटर अपुरे वाटतात. त्यातच वर्षभरात बॉडी बदलून मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, जायचं मनात आहे. मग आज पैसे लेन्समध्ये घालावेत की थांबावं? मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि दर वेळी फोनवर घाईघाईत उत्तर देतो. आज सविस्तर लिहितो. खाली चार लेन्सेसची तुलना आहे. त्यातल्या दोन आमच्या घरात आहेत, तिसरी मी ताडोबाला जाताना भाड्याने घेतली होती.

आधी माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या जोडाचा, विषय संपवू, कारण पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात. कॅननचा ईएफ माउंट १९८७चा, क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरसाठीचा ईएफ-एस २००३चा, आणि मिररलेसचा आरएफ २०१८चा. ईएफ माउंटमध्ये लेन्स बसण्याची कडा सेन्सरपासून ४४ मिमी अंतरावर असते, आरएफमध्ये २० मिमीवर. मधले २४ मिमी अ‍ॅडॅप्टर भरून काढतो. त्यात काच नसते, फक्त पोकळ नळी आणि विजेचे संपर्कबिंदू असतात, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही. म्हणजे जुनी ईएफ लेन्स नव्या बॉडीवर बिनधास्त चालते. उलटा रस्ता मात्र बंद आहे. आरएफ लेन्स २००डीवर कधीच बसणार नाही. लेन्स आधी घ्यायची असेल तर ती ईएफच हवी, आणि आरएफ हवी असेल तर बॉडी सोबतच घ्यावी लागेल. २०१८नंतर कॅननने एकही नवी ईएफ लेन्स आणलेली नाही, हेही लक्षात ठेवा. ईएफवर आता खर्च करायचा तर जुन्या बाजारात आणि जुन्या भावानेच.

आता खरंच किती मिलिमीटर हवेत ते बघू. हे गणित कागदावर करता येतं. पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा), भागिले अंतर, की सेन्सरवर पक्षी किती मोठा उमटेल ते कळतं. कॅननच्या क्रॉप सेन्सरची उंची १४.९ मिमी. भिगवणला कुंभारगावच्या नावाड्याने होडी हळूहळू नेत रोहितांपासून (फ्लेमिंगोंपासून) २५ मीटरवर थांबवली असं धरू. सव्वा मीटर उंचीचा रोहित २५० मिमीवर साडेबारा मिमी उमटतो. जवळजवळ पूर्ण फ्रेम! ४०० वर तो २० मिमी होतो, म्हणजे आडव्या फ्रेममध्ये मावतच नाही. तेव्हा रोहितांसाठी तुम्हाला नवी लेन्स नकोच आहे. ५५-२५० पुरते, आणि थवा उडाला तर उलट तीच कामाला येते.

सिंहगड व्हॅलीत चित्र वेगळं. निळा माशीमार जेमतेम १४ सेंटिमीटरचा, बसतो १२ मीटरवर, तोही सावलीत. २५० वर तो फ्रेमच्या उंचीचा पाचवा भाग व्यापतो, ४०० वर तिसरा भाग, ६०० वर जवळजवळ निम्मा. म्हणून लेन्स ठरवण्याआधी एका संध्याकाळी आपलेच जुने फोटो उघडून बसा. २५० वर काढलेले किती आहेत आणि त्यातले किती निर्दयपणे कापावे लागले, ते मोजा. कापलेले फोटो पाणपक्ष्यांचे आहेत की झुडपातल्या छोट्या पक्ष्यांचे, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता चार लेन्सेस शेजारी ठेवू.

| लेन्स | वजन | टोकाला फोकल लेंथ ÷ अ‍ॅपर्चर | सर्वांत जवळचा फोकस |
|---|---|---|---|
| ईएफ ७०-३०० एफ ४-५.६ आयएस २ | ७१० ग्रॅम | ५४ मिमी | १.२ मी |
| ईएफ ४०० एफ ५.६ एल | १२५० ग्रॅम | ७१ मिमी | ३.५ मी |
| सिग्मा १५०-६०० एफ ५-६.३ कंटेंपररी (ईएफ) | १९३० ग्रॅम | ९५ मिमी | २.८ मी |
| आरएफ १००-४०० एफ ५.६-८ आयएस | ६३५ ग्रॅम | ५० मिमी | ०.८८ मी |

तिसरा रकाना मी मुद्दाम घातला आहे. फोकल लेंथला एफ आकड्याने भागलं की लेन्सची प्रकाश घेणारी खिडकी किती रुंद आहे ते मिळतं, आणि ठरावीक अंतरावरच्या पक्ष्याचा किती प्रकाश गोळा होणार ते या खिडकीच्या क्षेत्रफळावर ठरतं. ९५ आणि ५० यांच्या वर्गांची तुलना केली तर सिग्मा साडेतीनपटीहून जास्त प्रकाश गोळा करते. वजनही म्हणूनच तिप्पट आहे. हलकी, लांब आणि उजेडाची, तिन्ही एकत्र देणारी लेन्स या चारांत नाही.

७०-३०० बद्दल थोडक्यात. लेन्स उत्तम आहे, फोकस झटकन आणि आवाज न करता होतो. पण तुमच्याकडे ५५-२५० आधीच आहे. २५० वरून ३०० म्हणजे पक्षी फक्त १.२ पट मोठा दिसणार. तेवढ्यासाठी पैसे घालू नका. ज्यांच्याकडे फक्त १८-५५ आहे आणि बॉडी तीन-चार वर्षं बदलायची नाही, त्यांनी जरूर विचार करावा.

ईएफ ४०० एफ ५.६ ही माझी लाडकी लेन्स आहे, तेव्हा थोडं सांभाळून लिहितो. ती १९९३ची आहे, झूम नाही, हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही. आता ती वापरलेलीच घ्यावी लागते. पण उडता पक्षी पकडायला हात तिच्यासारखा दुसऱ्या कुठल्या लेन्सने वळत नाही. सव्वा किलो वजन, समतोल असा की होडीत दोन तास धरून बसलं तरी खांदे भरून येत नाहीत. मोरघार पाण्यावर झेपावते तेव्हा झूम फिरवायचा विचार डोक्यात नसणं हाच फायदा असतो. स्टॅबिलायझर नसल्यामुळे २००डीवर शटर एक हजारांशच्या खाली नेता येत नाही, आणि जंगलात पहाटे ते जमत नाही. म्हणून २००डीवर ती खुल्या पाण्याची लेन्स आहे, झाडीची नाही. कॅननच्या मिररलेस आर७वर मात्र ती बदलते. त्या बॉडीत सेन्सरच स्थिर करणारी यंत्रणा आहे, त्यामुळे बिनस्टॅबिलायझरच्या या लेन्सलाही आधार मिळतो. मी आता तिने बसलेल्या पक्ष्याचा फोटो दोनशे-अडीचशेअंशावरही काढतो, आणि चांगले निघतात.

आणखी एक फरक पडतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, चित्र उमटवणारा वेगळा. दोघांत केसभर जरी अंतर पडलं तरी फोकस डोळ्याऐवजी शेपटीवर बसतो. महागड्या बॉडींत हे जुळवून घ्यायची सोय असते, २००डी आणि १५००डीमध्ये ती नाही. मिररलेसमध्ये फोकस चित्राच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा दोष मुळातच उद्भवत नाही. जुनी चांगली लेन्स नव्या बॉडीवर जास्त धारदार वाटते ती म्हणून.

सिग्मा १५०-६०० घेऊन मी ताडोबाला गेलो होतो. जिप्सीच्या कठड्यावर बीन बॅग, त्यावर लेन्स, तिथे तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. लांबवरचा सर्पगरुड, पाणवठ्यापलीकडची वाघीण, ६०० पूर्ण कामी आले. व्हॅलीतल्या माशीमारासाठीही चारांत हीच सर्वांत जवळ पोहोचते आणि उजेडही सर्वांत जास्त घेते. पण होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण होडीच हलते, आणि दोन किलो हातात धरून मी अर्ध्या तासात थकलो. शिवाय १५० पासून सुरू होत असल्याने रोहित अगदी जवळ आले की अडचण. ती अ‍ॅडॅप्टरने आर बॉडीवर चालते, मात्र घेण्यापूर्वी लेन्सचं फर्मवेअर ताजं आहे ना ते पाहा आणि तुम्ही घेणार त्याच बॉडीवर लावून उडत्या कावळ्यावर पाच मिनिटं फोकस करून बघा. ज्यांची भटकंती गाडीतून किंवा एका जागी बसून होते, त्यांनी हिचा विचार करावा. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्यांनी आधी एक दिवस भाड्याने आणावी. पुण्या-मुंबईत मिळते. एका दिवसाचं भाडं पुढचे हजारो रुपये वाचवतं.

आरएफ १००-४०० बद्दल लोकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘एफ ८? अंधारी लेन्स!’ मीही तेच म्हणायचो. बायकोने आर१० या मिररलेस बॉडीसोबत घेतली आणि माझं मत बदललं. ६३५ ग्रॅम वजन असल्याने ती सकाळभर गळ्यातच असते आणि म्हणून फोटो होतो. पिशवीत ठेवलेली मोठी लेन्स बाहेर येईपर्यंत खंड्या गेलेला असतो. स्टॅबिलायझर पक्का आहे. आणि कोष्टकातला शेवटचा रकाना परत बघा. ही लेन्स इतक्या जवळून फोकस करते की वस्तू सेन्सरवर प्रत्यक्षाच्या ०.४१ पट उमटते. कासच्या पठारावर फुलांत पाय न टाकता फूल फ्रेमभर घेता येतं, फुलपाखरं न उडवता टिपता येतात. माझ्या ४०० ला साडेतीन मीटरच्या आत काही दिसतच नाही. उणीव एकच आणि ती खरी आहे: झाडीत, सूर्य वर येण्याआधी, एफ ५.६च्या मानाने आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट ठेवावा लागतो. पावसापासून संरक्षण देणारं सीलिंगही हिच्यात नाही, तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकचं आवरण जवळ हवंच.

मग क्रम काय? बॉडी वर्षभरात बदलणारच असाल तर माझं मत स्पष्ट आहे. आज लेन्स घेऊ नका. पैसे बाजूला ठेवा, आर१० आणि आरएफ १००-४०० एकत्र घ्या, आणि अ‍ॅडॅप्टर घेऊन जुन्या दोन्ही लेन्सेस चालू ठेवा. आर१० मध्येही २००डीसारखाच क्रॉप सेन्सर आणि २४.२ मेगापिक्सेल आहेत, त्यामुळे नॉईजमध्ये (चित्रातल्या दाण्यांत) फार मोठ्या फरकाची अपेक्षा नको. फरक आहे तो फोकसमध्ये. २००डीत मधोमध गोळा झालेले नऊ बिंदू, इथे कॅमेरा पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवतो. सेकंदाला पाचऐवजी मेकॅनिकल शटरने पंधरा फोटो. बॅटरीही तीच, एलपी-ई१७, त्यामुळे जुन्या जोड बॅटऱ्या कामाला येतात. हात थोडा सैल सोडता येत असेल तर आर७ घ्या, खास करून जुनी ४०० घ्यायचा विचार असेल तर. बॅटरी मात्र वेगळी लागते.

फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीचा, मोह इथे टाळा. आर८ सुंदर कॅमेरा आहे, लग्नकार्यासाठी, वारीसाठी, रात्रीच्या फोटोंसाठी मी तो आनंदाने सुचवेन. पण तुमची ५५-२५० त्यावर लावली की तो आपोआप मधला भागच वापरतो आणि २४ पैकी सुमारे ९ मेगापिक्सेल उरतात. ४०० मिमीची फुल फ्रेम लेन्स लावूनही पक्षी फ्रेममध्ये लहानच दिसतो. पक्ष्यांसाठी फुल फ्रेमवर जायचं तर ६०० किंवा त्याहून लांब लेन्सचा खर्च सोबत धरावा लागतो.

बॉडी दोन-तीन वर्षं बदलणं शक्य नसेल तर मग मात्र थांबू नका. पाणपक्षी आणि उडते पक्षी आवडत असतील तर वापरलेली ईएफ ४००, झाडीतले छोटे पक्षी असतील तर वापरलेली १५०-६००. दोन्ही पुढे अ‍ॅडॅप्टरने सोबत येतील.

निकॉनवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने एएफ-एस आणि एएफ-पी (लेन्समध्येच मोटर असलेल्या) लेन्सेसचा ऑटोफोकस चालतो, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सेसचा चालत नाही. स्वस्तात मिळालेली एएफ-डी टेली झेडवर हाताने फोकस करत बसावी लागेल.

वापरलेली लेन्स घेताना मुंबईत फोर्टातला बोरा बाजार असो की ओळखीतला माणूस, मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, लेन्स कपाटात बंद राहिली की ती धरते. मी एकदा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून लेन्स घेतली आणि घरी टॉर्च लावल्यावर काठाशी बुरशी दिसली. साफ करून घेतली, पण काचेवरचा लेप तिथे कायमचा गेला. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, फोकस रिंग फिरवताना कुठे अडकते का, तेही तिथेच बघून घ्या. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून परत वापरता येतं.

येत्या हिवाळ्यात भिगवणला जाणार असाल तर आधी आपली ५५-२५० घेऊनच जा. रोहितांचे फोटो काढा, घरी येऊन मोजा. त्यातले किती कापावे लागले, ते बघूनच दुकानाची पायरी चढा.