पुट्टी: स्विचच्या कन्सोलसाठी अजूनही पहिली पसंती

भिंतीला लावायच्या पुट्टीशी या प्रोग्रॅमचा काही संबंध नाही. सायमन टॅथम यांनी लिहिलेला, 1999 पासून उपलब्ध असलेला हा मोफत टर्मिनल प्रोग्रॅम (दुसऱ्या उपकरणाला लिहून आज्ञा देण्याची खिडकी) दोन एमबीपेक्षाही लहान आहे आणि इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालतो. आमच्या इमारतीतले ॲक्सेस स्विच, म्हणजे संगणकांना नेटवर्कशी जोडणारी उपकरणे, मी अनेक वर्षे यावरूनच सांभाळतो.

नव्या स्विचला अजून आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) नसतो, तेव्हा संगणक थेट स्विचला जोडणाऱ्या कन्सोल केबलशिवाय गत्यंतर नसते. सीरियल पर्याय निवडून कॉम पोर्टचा क्रमांक आणि 9600 हा वेग द्यायचा. फ्लो कंट्रोल (माहितीचा ओघ थांबवण्या-सोडण्याची पद्धत) मात्र मूळ सेटिंगमध्ये एक्सऑन/एक्सऑफ असतो, तो मी आठवणीने 'नन' करतो. काळी खिडकी उघडली की एंटर दाबेपर्यंत बहुधा काहीच दिसत नाही, आणि नवखा माणूस तेवढ्यात केबलच बदलायला निघतो. अक्षरांऐवजी कचरा दिसला, तर वेग चुकला असे समजावे; काही कंपन्यांच्या उपकरणांना 115200 लागतो.

एकदा आयपी मिळाला की एसएसएच (नेटवर्कवरून होणारी एन्क्रिप्टेड जोडणी) वापरावे, कारण टेलनेट या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघडाच जातो. जुन्या स्विचचे कालबाह्य एन्क्रिप्शन दिसले, तर पुट्टी इशारा देऊन पुढे जायचे की नाही हे आपल्याला विचारते, आणि ज्याच्याकडे दहा-बारा वर्षांचे स्विच अजून चालू आहेत त्याला ही सोय मोलाची वाटते. सत्राची नोंद फाइलमध्ये ठेवण्याची सोयही उत्तम आहे. फाइलच्या नावात तारीख आपोआप घालता येते, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणती आज्ञा दिली यावरून वाद उरत नाही.

खटकते ते सेटिंग जतन करण्याचे. फाँट बदलून मागे सेशनच्या पानावर आला नाहीत, नाव निवडून सेव्ह दाबले नाहीत, तर पुढच्या वेळी सगळे पहिल्यासारखेच. त्याहून धोक्याचे म्हणजे उजवे क्लिक मेनू दाखवत नाही, थेट पेस्ट करते. एकदा मी कॉन्फिग मोडमध्ये (स्विचची सेटिंग बदलण्याच्या अवस्थेत) असताना मेनू येईल या समजुतीने उजवे क्लिक केले आणि आधी कॉपी केलेल्या ओळी भराभर धावल्या; त्यांत स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या अपलिंक पोर्टच्या 'शटडाउन'ची ओळ होती. संपर्क तुटला आणि केबल घेऊन तिसरा मजला चढावा लागला. चूक माझीच, पण त्या दिवशीच मी सिलेक्शनच्या पानावर 'विंडोज' हा पर्याय निवडला, ज्यात उजव्या क्लिकला मेनू येतो.

जुनी प्रत वापरणाऱ्यांनी एक पाहावे: 0.68 ते 0.80 या आवृत्त्यांत पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या, पी-521 प्रकारच्या ईसीडीएसए किल्लीची डिजिटल सही सदोष होती, आणि साधारण साठ सह्या हाती लागल्या तर खासगी किल्ली (तिचा गुप्त ठेवायचा भाग) काढता येत असे. 2024 च्या 0.81 मध्ये ते दुरुस्त झाले. तरी त्या काळात वापरलेली अशी किल्ली प्रत्येक उपकरणावरून काढून नवी बसवावीच लागते.