स्वतःची गाडी, जिप्सी की पायवाट : राष्ट्रीय उद्यानात शिरण्याच्या तीन तऱ्हा

राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की बहुतेकांची शोधाशोध एकाच प्रश्नाभोवती फिरते : कुठं जायचं? कोणता प्राणी हमखास दिसतो याची चौकशी होते, फोटो बघितले जातात, आणि आत कसं फिरायचं हे तिथं पोचल्यावर जे मिळेल त्यावर सोडलं जातं. मला हा क्रम उलटा वाटतो. एकाच जंगलात गाडीतून फिरलेला माणूस आणि पायी चाललेला माणूस दोन वेगवेगळ्या जागा बघून परत येतात. त्यांच्या येण्याचा प्राण्यांवर आणि जंगलाच्या काठावरच्या माणसांवर पडणारा भारही सारखा नसतो. म्हणून इथं तुलना उद्यानांची नाही, आत शिरण्याच्या पद्धतींची आहे.

स्टीअरिंग आपल्या हाती

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर हे या पद्धतीचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल जवळपास वीस हजार चौरस किलोमीटर पसरलं आहे. साधी भाड्याची गाडी घेऊन गेटातून आत जायचं आणि नकाशा बघत हवा तो रस्ता धरायचा. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटरची मर्यादा. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत मुक्कामाला पोचायचं.

याची खरी श्रीमंती म्हणजे वेळ. एखाद्या पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून दोन तास बसलात तरी तुम्हाला कुणी हलवत नाही. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही, आणि गाइडच्या गाडीत नेमका हाच अर्धा तास मिळत नाही. मग इंपाला हरणं पाण्यावर उतरतात, दर दोन घोटांमागे मान वर करतात, आणि त्यांच्या कानांची दिशा बघता बघता झुडपामागे कुणीतरी आहे हे आपलं आपल्याला उमगतं. लहान मुलं सोबत असतील, गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. मूल कंटाळलं तर परत फिरता येतं.

उणीव अशी की सोबत सांगणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये हे फार ठळकपणे दिसतं. १८७२ साली स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान मानलं जातं, आणि तिथं वर्षाला चाळीस लाखांहून जास्त भेटी नोंदवल्या जातात. रस्त्याकडेला अस्वल दिसलं की गाड्यांची रांग लागते आणि माणसं दारं उघडून खाली उतरतात. अस्वल आणि लांडग्यांपासून सुमारे ९१ मीटर, बायसन (तिथले रानगवे) आणि इतर प्राण्यांपासून २३ मीटर लांब राहा, असा नियम आहे. तो ठिकठिकाणी लिहिलेलाही आहे. तरीही मे २०२३ मध्ये एका पर्यटकानं, नदी ओलांडताना कळपामागे राहिलेलं बायसनचं नवजात वासरू ढकलून रस्त्यावर चढवलं. मदतच करायची होती त्याला. पण कळपानं ते वासरू परत घेतलं नाही. ते माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे येऊ लागलं आणि शेवटी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना त्याला मारावं लागलं. जाणकार माणूस सोबत असता तर 'हात लावू नका' एवढे तीन शब्द पुरले असते.

गाड्यांच्या संख्येचा प्रश्न वेगळाच. त्याच देशातल्या झायन उद्यानात मुख्य दरीतला रस्ता अरुंद आणि गाड्या बेसुमार, म्हणून २००० साली तिथं बससेवा सुरू झाली आणि हंगामात त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आली. स्वतःची गाडी हे स्वातंत्र्य आहे खरं, पण सगळ्यांनीच ते घेतलं तर कुणालाच उरत नाही.

जिप्सी, गाइड आणि 'साइटिंग' म्हणजे वाघदर्शन

आपल्याकडच्या व्याघ्रप्रकल्पांत गाइडबरोबर उघड्या जिप्सीतून फिरायची पद्धत रुळलेली आहे. कान्हा, बांधवगड, रणथंबोर, ताडोबा, कुठंही जा : तारीख, गेट, वेळ आणि गाड्यांची संख्या आधीच ठरलेली, सोबत गाइड सक्तीचा, पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ते पुन्हा खुलं झालं, पण गाभ्याचा वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला वापरायचा नाही या अटीवर. 'एवढा लांब आलो आणि एवढंच जंगल दाखवलं' अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आपल्याला न दिसणाऱ्या त्या ऐंशी टक्क्यांत वाघीण पिल्लं वाढवते.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे गाइड. तो बहुधा काठावरच्याच गावचा असतो. वानराचं नुसतं ओरडणं आणि वाघ बघून ओरडणं यांतला फरक त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला की तो गाडी थांबवायला सांगतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. धुळीतला ठसा रात्रीचा की आत्ताचा, हे त्याच्या कडा बघून सांगतो. स्वतःच्या गाडीत फिरणाऱ्याला हे शिकायला कित्येक फेऱ्या लागतील, ते इथं एका सकाळीत कानावर पडतं.

आणि याच पद्धतीत सगळ्यात मोठा बिघाडही झाला आहे. मी एकदा एका सफारीत होतो. गाइड अर्जुनाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवत होता. ते मधासाठी किती उंच चढतं हे सांगत असतानाच समोरून आलेल्या चालकानं खूण केली आणि आमची गाडी वळली. पुढं अकरा गाड्या उभ्या होत्या. वाघिणीला रस्ता ओलांडायचा होता, पण दोन गाड्यांमध्ये तिच्यापुरतीही फट नव्हती. ती गवतात मागे सरकून बसली. मला तिचा एक कान दिसला. सगळ्या गाड्यांतून लोक आपापल्या चालकाला 'अजून थोडं पुढे घ्या' म्हणत होते, आमच्याही. त्या गाइडची ओरखड्यांची गोष्ट अर्धवट राहिली याचं मला आजही वाईट वाटतं.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीचा आणि तिच्या पिल्लांचा रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवल्याची चित्रफीत पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चालकाला मिळणारी बक्षिसी वाघ दिसण्यावर ठरत असेल, तर गाडी पुढं रेटण्याची सुरुवात मागच्या सीटवरून होते हेही कबूल करायला हवं. जिप्सी निवडणार असाल तर हा दबाव तुम्ही वाढवू शकता किंवा एका वाक्यात काढून टाकू शकता. इतर दोन पद्धतींत पर्यटकाच्या हाती एवढी ताकद नसते.

पायी

मध्य आफ्रिकेतले डोंगरी गोरिला बघायचे तर चालण्याला पर्याय नाही. रवांडातलं व्होल्कानोज आणि युगांडातलं ब्विंडी ही त्यातली दोन मुख्य उद्यानं. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून आठच माणसं भेटणार, तीही एक तास. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही, सर्दी-खोकला असलेल्याला परत पाठवतात. माणसाचा साधा श्वसनविकार गोरिलाच्या अख्ख्या कुटुंबाला भारी पडू शकतो, म्हणून अंतर राखायचं. रवांडात त्या एका तासाचा परवाना १५०० डॉलरचा आहे. अनेकांसाठी गोष्ट इथंच संपते, आणि हा या पद्धतीचा खरा दोष आहे : ती निसर्गाला सांभाळते, पण बहुतेक माणसांना बाहेर ठेवून. तरी आकडे बाजूनं बोलतात. १९८० च्या दशकात, व्होल्कानोज ज्यात येतं त्या विरुंगा डोंगररांगेत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. २०१८ मध्ये डोंगरी गोरिलांची एकूण संख्या हजाराच्या वर गेल्याचं जाहीर झालं आणि त्यांचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी वर आलं.

पायी जायला इतकं महाग पडतंच असं नाही. नेपाळच्या चितवनमध्ये दोन गाइडांबरोबर गेंड्यांच्या गवतातून चालता येतं. आत शिरायच्या आधी, गेंडा अंगावर आला तर झाडावर कसं चढायचं किंवा नागमोडी कसं पळायचं हे समजावून सांगतात आणि त्या क्षणापासून माणूस बोलायचा थांबतो. केरळातल्या पेरियारमध्ये एकेकाळी चोरून रानदालचिनीची साल काढणारी माणसं आज पर्यटकांना जंगलात चालवतात आणि त्याच वाटांवर गस्तही घालतात. ज्यांना जंगलाच्या चोरवाटा पाठ होत्या, त्यांच्याच हाती राखण सोपवण्याचा हा निर्णय मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो.

पायी जाणाऱ्याला प्राणी कमी दिसतात. पण वास येतात, काट्यांचे प्रकार कळतात, ताजी विष्ठा गरम आहे का हे गाइड हात लावून बघतो. गाडीत आपण प्रेक्षक असतो, इथं आपणही भित्र्या प्राण्यांपैकी एक असतो.

मात्र पाय म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या अनांगू लोकांसाठी पवित्र आहे. १९८५ साली ती जमीन त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या करारानं उद्यानासाठी भाड्यानं दिली. 'वर चढू नका' अशी त्यांची विनंती पायथ्याशी कितीतरी वर्षं लिहिलेली होती आणि लोक ती वाचून चढत होते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली.

तिकिटात न दिसणारी माणसं

तिन्ही पद्धतींना लागू होणारा एक प्रश्न आहे आणि तो टाळून निवड करता येत नाही : हे जंगल रिकामं कसं झालं? ब्विंडी १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यानपिढ्या तिथं शिकार आणि मध गोळा करून राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं, आणि बहुतेकांच्या हाती जमीन आली नाही. म्हणजे जी भेट सगळ्यात सभ्य आणि मोजूनमापून वाटते, तिच्यामागचं देणं फार जड आहे. टांझानियातल्या सेरेंगेटीतून १९५९ साली मसाई लोकांना शेजारच्या गोरोंगोरोत हलवलं गेलं. आपल्या व्याघ्रप्रकल्पांतूनही गावंच्या गावं उठली आहेत. काहींना बरं पुनर्वसन मिळालं, काहींना नाही.

हिशेब चुकता करायचे प्रयत्नही आहेत. क्रूगरच्या उत्तर टोकावरून मकुलेके लोकांना १९६९ साली हुसकावलं होतं. १९९८ साली त्यांना मालकी परत मिळाली. त्यांनी ती जमीन पुन्हा नांगराखाली न आणता उद्यानातच ठेवली आणि तिथल्या पर्यटन निवासांच्या उत्पन्नात वाटा घेतला. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नातले दहा टक्के आसपासच्या वस्त्यांच्या कामांना जातात. चितवनमध्ये उत्पन्नाचा तीस ते पन्नास टक्के भाग बफर क्षेत्रातल्या, म्हणजे उद्यानाभोवतालच्या पट्ट्यातल्या, लोकांसाठी राखून ठेवण्याची कायद्यात तरतूद आहे. हत्ती शेतात शिरतो, बिबट्या शेळी उचलतो, तेव्हा नुकसान त्याच वस्तीचं होतं. पर्यटकाचा पैसा तिथवर पोचला नाही, तर त्या वस्तीनं वाघ का सांभाळावा?

मग निवड कशी करावी

घरात पाच-सहा वर्षांचं मूल किंवा सत्तरीतले आजीआजोबा असतील तर स्वतःची गाडी चालणारं उद्यान घ्या. दिवसाला तीन रस्ते संपवण्यापेक्षा एक पाणवठा धरा आणि मुलाला पक्ष्यांचं एखादं सचित्र पुस्तक द्या. पहिल्यांदाच जंगल बघणार असाल तर जिप्सी बरी, कारण गाइडवाचून जंगल मुकं वाटतं. पण चार फेऱ्यांचं बुकिंग असेल तर एक तरी बफरमधली ठेवा. तिथं गर्दी कमी असते आणि गावाला थेट काम मिळतं.

पाच-सहा तास चालायची तयारी असेल, दोन दिवसांत काहीच मोठं न दिसलं तरी चिडणार नसाल, तर मी डोळे झाकून पायवाट सांगेन. आणि त्यासाठी दूरच्या महागड्या ठिकाणीच जायला हवं असं नाही. गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रूगरमध्येही १९७८ पासून दोन सशस्त्र गाइडांबरोबर आठ जणांच्या तुकडीनं चालायची सोय आहे. बऱ्याच उद्यानांत अशी एखादी सकाळची फेरी असते. जाहिरातीत तिचं नाव येत नाही, म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागते.

बुकिंग करताना विचारा : गाइड कुठल्या गावचा आहे, राहायची जागा कुणाच्या मालकीची आहे, पायी फेरी आहे का. आणि जिप्सीत बसणारच असाल तर गाडी गेटातून आत शिरायच्या आधीच चालकाला आणि गाइडला सांगून ठेवा, 'दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल, बक्षिसी तेवढीच मिळेल. वाटेत जे असेल ते दाखवा.'