साडेसातशेचा टॅरो डेक

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य किंवा अर्थ सांगणं, शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डेक म्हणजे ७८ कार्डांचा संच घेताना चित्रं आपल्याशी बोलली पाहिजेत. माझा पहिला डेक बहुतेकांचा असतो तोच, रायडर-वेट. १९०९ मध्ये लंडनला निघालेला. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी, आणि नावात प्रकाशक रायडर आणि डेकची कल्पना मांडणारे वेट साहेब! शिकायला उत्तम, कारण कप, तलवारी वगैरे रंगांच्या ५६ दुय्यम कार्डांवरही त्यांनी प्रसंग रंगवलेत. मार्सेय या जुन्या फ्रेंच धर्तीच्या डेकात पाच कपांचं कार्ड म्हणजे नुसते पाच कप, बघून काय सुचणार? पण तो पिवळाजर्द रंग आणि ते राजेसरदार, माझं त्यांच्याशी सूत काही जुळलं नाही.

मग एका परदेशी चित्रकर्तीचा डेक दिसला. जलरंगातली जनावरं, धुकं, ओली माती. टपालखर्चासकट साडेचार हजारांच्या वर. महिनाभर नुसती बघत बसले. आणि एका रात्री फोनवर त्याच डेकची जाहिरात: ७४९ रुपये, ‘स्टॉक क्लिअरन्स’, कॅश ऑन डिलिव्हरी. मनात पाल चुकचुकली, पण पैसे वस्तू आल्यावरच द्यायचेत ना, म्हणून मागवून टाकला.

कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय पाकीट उघडू देईना. उघडलं तर भपकन शाईचा वास. कार्डं तळहाताएवढी, कागद लग्नपत्रिकेपेक्षा पातळ. पुस्तिका नाही, खोक्यावर एक क्यूआर कोड. तो स्कॅन केल्यावर रायडर-वेटचेच अर्थ उघडले, त्यात माझ्या जनावरांचा पत्ताच नाही. ७८ कार्डं मोजली तर भरली, पण कपांचं एक कार्ड दोनदा आणि ‘द मून’ हे कार्ड गायब.

सेव्हन ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे सात तलवारी, हे चोरीचं, लबाडीचं कार्ड. मूळ चित्रात कोल्हा पाच तलवारी तोंडात धरून पळतो, दोन मागे मातीत रोवलेल्या राहतात. माझ्या कार्डात कडा अशी छाटली होती की त्या दोन तलवारीच उडाल्या. कोपऱ्यात चित्रकर्तीची सही असते, तिथे धुरकट डाग. म्हणजे सहीसुद्धा पुसून टाकलेली.

विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं: अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही, परतावा नाही. दुसऱ्या मेसेजनंतर ब्लॉक. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचा पत्ता विचारला तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पाकिटावर नुसतं एका गोदामाचं नाव.

चित्रकर्तीला मेल केला. तिने सांगितलं, तिचे डेक कुठे मिळतात त्या दुकानांची यादी तिच्या साइटवरच आहे, आणि खऱ्या डेकची मापंही. दोन मिनिटांचं काम होतं, मी महिनाभर चित्रं बघितली आणि ते पान उघडलं नाही. तुम्ही उघडा. माप पट्टीने ताडा, जाहिरातीतले फोटो चित्रकाराच्या साइटवरूनच उचललेत का बघा, आणि विक्रेत्याकडे त्याच्या हातातल्या डेकचा फोटो मागा. माझ्या विक्रेत्यासारख्यांकडून असा फोटो कधीच मिळणार नाही, कारण ते देणार तरी काय?

डेक भाचीला दिला. तिने पत्त्यांचा बंगला करायला घेतला, पण कार्डं इतकी लेचीपेची की दुसऱ्या मजल्यालाच वाकली. “मावशी, तुझे पत्ते खराब आहेत,” म्हणाली आणि खेळायच्या पत्त्यांचा कॅट उचलून आणायला गेली.