अपडेट आलं: लगेच टाकायचं की थांबायचं?

विंडोजचे नेहमीचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. काही जण ते त्याच दिवशी टाकतात, तर काही जण ‘आधी इतरांचं काय होतंय ते बघू’ म्हणून थांबतात.

लगेच टाकणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, पण तो ज्या दोषातून शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. शिवाय दुरुस्ती बाहेर पडली की हल्लेखोर तीच उलगडून मूळ दोष शोधतात. म्हणजे थांबणाऱ्याचा धोका अपडेट आल्यावर उलट वाढतो.

थांबणारेही अगदीच भित्रे नाहीत. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काहींच्या फायलीच पुसल्या आणि कंपनीला त्याचं वितरण थांबवावं लागलं. पण ते नव्या सोयींचं मोठं अपडेट होतं, महिन्याचं सुरक्षा अपडेट नव्हे. दोघांना एकाच मापाने मोजण्यात गफलत होते.

म्हणून माझं मत सरळ आहे: सुरक्षा अपडेट एक-दोन दिवसांत उरकावं, नवी आवृत्ती मात्र काही आठवडे खुशाल लांबवावी. विंडोजमध्ये त्यासाठी अपडेट तात्पुरते थांबवण्याची सोय आहे; फक्त तिने सुरक्षा अपडेटही अडतात, हे ध्यानात ठेवा.

बॅकअप दोन्ही वेळी हवाच, आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला. ‘नंतर रीस्टार्ट करा’वर रोज क्लिक करणाऱ्यांचं तर वेगळंच: अपडेट डाउनलोड झालेलं असतं, पण रीस्टार्ट होईपर्यंत जुना दोष बहुधा तसाच उघडा राहतो.