थकबाकीची यादी आणि ‘नॉट इन’: हंगामभर वापरल्यानंतर

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्र्याच्या अडतीचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो, तो मी सांभाळतो. ज्या बिलांवर एकही जमा पडली नाही ती शोधणं, हे तिथलं रोजचं काम. आंबिया बहारापासून मृग बहार सरेपर्यंत ‘नॉट इन’, ‘लेफ्ट जॉइन’ आणि ‘नॉट एक्झिस्ट्स’ या तिन्ही पद्धती वापरून झाल्या. सिन्टॅक्स सगळ्यांना येतो, तो सांगत बसत नाही.

भर हंगामात एका सकाळी यादी कोरी आली. एरर नाही, इशारा नाही, शून्य ओळी. मालक म्हणाले, “काय भाऊ, सगळ्यांनी पैसे देऊन टाकले काय?” आधीच्या कंत्राटदाराची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ‘नॉट इन’ची, म्हणजे ‘जमांच्या यादीत नसलेली बिलं दे’ अशी होती. आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं बिल न सांगता खात्यावर रोख भरली होती, त्या ओळीत बिल क्रमांक नल, म्हणजे रिकामा, माहीत नसलेला. तेवढं पुरलं. ‘101 नॉट इन (102, 105, नल)’ म्हणजे 101 हा तिन्हींपेक्षा वेगळा हवा. पहिल्या दोन तुलना खऱ्या, तिसरी अज्ञात, म्हणून सगळंच अज्ञात; आणि ‘व्हेअर’ची गाळणी फक्त खरं तेच पुढे सोडते. एका नलपायी लाखोंची उधारी दिसेनाशी होते, आणि डेटाबेस नियमानंच वागलेला असतो! याचा राग मला अजून आहे. बिल क्रमांकावर ‘नॉट नल’ (रिकामं चालणार नाही) ही अट लावता येत नाही, कारण खात्यावर रोख घेणं हा बाजाराचा रिवाजच आहे.

त्यात ‘नॉट इन’ मंद. जमांची यादी वर्क मेममध्ये (क्वेरीच्या कामाला दिलेल्या मेमरीत) मावली तर तिचं हॅश, म्हणजे झटकन शोधता येणारं कोष्टक, होतं; मावली नाही की प्रत्येक बिलासाठी पुन्हा पहिल्यापासून चाळणी. वर्क मेम मुळात 4 एमबी. यावर कंत्राटदाराचा सल्ला काय, तर रॅम वाढवा. एका क्वेरीसाठी मालकाचा पैसा का घालवायचा?

मी ‘लेफ्ट जॉइन’वर (सगळी बिलं घेऊन शेजारी जमा जोडणं, जमा नसेल तिथे नल) गेलो आणि खूश होतो. जॉइनचाच कॉलम ‘इज नल’ तपासला की प्लॅनमध्ये, म्हणजे डेटाबेस ठरवतो त्या मार्गात, अँटी जॉइन (जोडीदार नसलेल्याच ओळी उचलणं) येतो, यादी झटक्यात. मत बदललं ते नंतर. ऑफिसातल्या मुलानं दुसऱ्या रिपोर्टमध्ये जमेच्या बिल क्रमांकाऐवजी चेक क्रमांक ‘इज नल’ तपासला. रोखीला चेक क्रमांक नसतोच, त्यामुळे पैसे दिलेल्या माणसाला तगाद्याचा फोन गेला. बाजारात असा फोन मनाला फार लागतो.

आता सगळीकडे ‘नॉट एक्झिस्ट्स’. ‘यावर जमा आहे का’ एवढंच विचारतो, चुकीचा कॉलम तपासायला जागाच नाही, जमेतला नल आडवा येत नाही. पोस्टग्रेसमध्ये 2009 च्या 8.4 पासून यालाही तोच अँटी जॉइन मिळतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांना तो 8.0.17 पासून, म्हणजे 2019 पासून आहे; जुन्या आवृत्तीवर असाल तर आधी ‘एक्सप्लेन’ लावून प्लॅन बघा.

‘एक्सेप्ट’ही (एका यादीतून दुसरी वजा करणं) लावून पाहिला. नुसते क्रमांक हवे असतील तर नलला तो नीट सांभाळतो, पण गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम आणायला पुन्हा जॉइन करावा लागतो, म्हणून सोडला.